उलट्या मशीनची पूजा

दसरा ते दिवाळी हा हँग होणाऱ्या लॅपटॉपचा हंगाम असतो, हे मी कित्येक वर्षं छातीठोकपणे सांगत आले. कारणही सांगायचे. लोक दसऱ्याला घरी लॅपटॉपची पूजा करतात, हळदकुंकू वाहतात, वर अक्षता टाकतात, ते सगळं आत जातं आणि पंखा अडकतो. माझं हे संशोधन उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना तोंडपाठ होतं. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर एका मुलीने दोन वाक्यांत ते मोडीत काढलं, तेही आवाज न चढवता. त्या दिवशी मी जी हबकले ती अजून पुरती सावरलेले नाही. दुकानातले गमतीदार किस्से लिहून द्या, असं संपादकांनी सांगितलं होतं. किस्सा आहे. गमतीदार आहे की नाही ते तुम्ही ठरवा.

माझं दुकान म्हणजे दहा बाय आठचा गाळा. एक टेबल, एक भिंग, भिंतीला फळ्या आणि मी. राहायला अंबरनाथ पूर्वेला. नवीन गिऱ्हाईक आत डोकावतं आणि विचारतं, "कारीगर किधर है?" मी म्हणते, "बैठो, बुलाती हूँ," आणि चष्मा लावून स्वतःच स्क्रू ड्रायव्हर उचलते. समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. बाईमाणसाच्या हातात लॅपटॉप उघडा पडलाय म्हटल्यावर काही जण शेवटपर्यंत उभेच राहतात. अशा लोकांना गप्प करायला मला एकच गोष्ट उपयोगी पडली, ती म्हणजे माझं निदान. ते सहसा चुकत नाही. ह्या 'सहसा'वर माझा फार जीव होता.

ज्यांनी कधी लॅपटॉपच्या पोटात बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. लॅपटॉपचा मेंदू काम करताना तापतो. त्याच्याशेजारी एक छोटा पंखा असतो. तो खालच्या जाळीतून गार हवा ओढतो आणि बाजूच्या फटीतून गरम हवा बाहेर फेकतो. पंखा नीट फिरला नाही तर मेंदू तापत जातो, आणि जळू नये म्हणून आपणहून काम कमी करतो. तुम्हाला वाटतं लॅपटॉप स्लो झाला. आणखी तापला की तो जागच्या जागी थांबतो. तुम्ही म्हणता हँग झाला. आमचे सिंधी व्यापारी म्हणतात, "अटक गया." शब्द त्यांचाच बरोबर आहे. हँग होण्याला आणखीही कारणं असतात, मेमरी कमी, डिस्क खराब, नको ते दहा प्रोग्रॅम भरलेले. आधी कुठलं कारण तपासायचं ह्यातच कारागिराची अक्कल दिसते. जो आल्या आल्या "फॉरमॅट मारावं लागेल" म्हणतो, त्याच्याकडे मशीन ठेवू नका.

आता लच्छूशेठचा किस्सा, कारण तो मी सगळ्यांना सांगत असे. लच्छूशेठ म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले कुर्त्यांचे होलसेल व्यापारी. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी लॅपटॉप काखेत मारून धापा टाकत आले. ऑनलाइन ऑर्डरी त्याच्यावरच यायच्या आणि ऐन सीझनमध्ये तो दर दहा मिनिटांनी थांबत होता. मी मागचं झाकण काढलं तर आत लालपिवळा सडा. पंख्याच्या पात्यांना हळद, जाळीला कुंकू.

"छा थियो, दीदी?" काय झालं म्हणून शेठनी विचारलं. घाबरले की ते सिंधीवर येतात.

"शेठ, घर में इसकी पूजा कौन करता है?"

शेठनी जरा विचार केला. "बहू करती होगी. नई है."

"तो बहू को बोलो, पूजा करनी है तो भगवान की करे. मशीन को छोड़ दे!"

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. सगळी खो खो हसली, शेठही हसले. उघड्या लॅपटॉपचा फोटो मी मोबाइलमध्ये काढून ठेवला. पुढे तीन वर्षं दसरा आला की तो फोटो दाखवायचा आणि लच्छूशेठच्या सुनेचा किस्सा सांगायचा, हा माझा ठरलेला कार्यक्रम होता. हसवायला मला आवडतं, खोटं कशाला बोलू?

पूजा मीही करते. दसऱ्याला सकाळी दुकान उघडून टेबल पुसायचं, हत्यारं मांडायची, झेंडूची माळ लावायची. आणि दुरुस्तीला आलेल्या एकूण एक मशीनला हळदकुंकू. गिऱ्हाइकाचं मशीन आपल्या दारात आलंय, ते पाहुणं, त्याला वगळायचं नाही, असा माझा नियम. ह्या नियमाचा मला अभिमान होता.

गेल्या दसऱ्याच्या चार दिवस आधी बदलापूरची प्रज्ञा तिचा लॅपटॉप घेऊन आली. बीएस्सी झालेली, सडपातळ, मोजकं बोलणारी मुलगी. वडील अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत कामाला. कीबोर्डची काही बटणं दाबली जात नव्हती, एवढंच. नवा कीबोर्ड मागवायला लागणार होता. दसऱ्यानंतर ने, म्हटलं.

"मॅडम, पंधरा दिवसांनी माझी ऑनलाइन परीक्षा आहे. नोकरीची. घरूनच द्यायचीये."

"पंधरा दिवसांत मी तुला नवीन लॅपटॉप बनवून देईन," मी म्हटलं. तीही हसली.

कीबोर्ड बसवला. आत स्वच्छ होतं, धूळसुद्धा नव्हती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिने लॅपटॉप नेला आणि आठवड्याभरात परत आली. सोबत आई. "मॅडम, मध्येच थांबतो. बाण हलत नाही. मग पाच मिनिटांनी आपोआप चालू होतो."

मी माझ्या स्टँडवर ठेवून दोन तास चालवला. एकदाही थांबला नाही. मागचं झाकण उघडलं नाही. का उघडू? दहा दिवसांपूर्वी मीच तर उघडलं होतं, आत स्वच्छ बघितलं होतं. मी निष्कर्ष काढला की प्रोग्रॅमचा गोंधळ आहे. तिला विचारून, तिच्या फायली काढून ठेवून, सगळं पुसून नव्याने टाकलं. म्हणजे काय केलं? फॉरमॅट मारलं. जे दुसऱ्यांनी केलं की मी नाक मुरडते तेच.

आईने तीनदा विचारलं, "ताई, नक्की ना? परीक्षेत बंद पडायला नको. कॅमेऱ्यातून बघत असतात म्हणे."

"माझी गॅरंटी," मी म्हटलं.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला गेले तर दोघी पायरीवर बसलेल्या. आईचे डोळे सुजलेले. प्रज्ञाने मोबाइल पुढे केला. कंपनीचा ईमेल होता. परीक्षेदरम्यान खोलीत दुसरी व्यक्ती आढळली, गैरप्रकार समजून उमेदवारी रद्द, पुढेही ह्या कंपनीत अर्ज करता येणार नाही.

"दुसरी व्यक्ती म्हणजे मी," आई म्हणाली. "चाळीस मिनिटं झाली असतील. ही आतून ओरडली, थांबला, थांबला. मी दारातून बघितलं तर लॅपटॉप तव्यासारखा तापलेला. मला काय कळतंय? मी पुठ्ठा घेतला आणि वारा घालायला लागले. तेवढ्यात तो चालू झाला आणि त्या कॅमेऱ्यात मी दिसले. माझ्यामुळे पोरीवर चोरीचा शिक्का बसला हो ताई. मी आत जायला नको होतं."

मी लॅपटॉप घेतला आणि ह्या खेपेला झाकण काढलं. आत कुंकू. हळद. आणि पंख्याच्या पात्याजवळ तांदळाचा एक दाणा. लॅपटॉप सपाट ठेवला की दाणा घरंगळून पात्यात यायचा आणि पंखा अडायचा. जरा तिरका केला की बाजूला व्हायचा आणि पंखा सुटायचा. माझा स्टँड तिरका आहे. माझ्याकडे तो जन्मात अडकला नसता.

खरं सांगते, मला आधी हायसं वाटलं. दोष माझा नव्हता! आणि मग माझी जीभ सुटली. तोवर दोन गिऱ्हाइकं आली होती, म्हणजे श्रोतेही होते.

"बघा! हे बघा! शिकलेली माणसं तुम्ही. दसऱ्याला लॅपटॉपवर अक्षता टाकायच्या आणि मग बंद पडला म्हणून रडायचं! दरवर्षी सांगते मी, मशीनला देव करू नका. आता गेली ना परीक्षा?"

आईने मान खाली घातली. प्रज्ञा माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, आमच्या घरात कुंकू नाही. आम्ही बौद्ध आहोत."

मी ऐकलं, पण मला समजलं नाही. "मग कोणा शेजाऱ्याने..."

"लॅपटॉप घरातून दोनदाच बाहेर गेला. दोन्ही वेळा तुमच्याकडे."

फळीवर माझी कुंकवाची डबी होती. दसऱ्यापासून तिथेच. माझी नजर तिच्यावर गेली.

मी गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी लॅपटॉपच्या खालच्या बाजूला चिकटवते, वरच्या बाजूला डाग पडतात म्हणून. नाव दिसावं म्हणून फळीवरची सगळी मशीनं उलटी ठेवते. उलटी ठेवली की पोट वर येतं. पोटाला जाळी असते. आणि दसऱ्याच्या सकाळी मी त्या जाळ्यांवर, एकेका पाहुण्याचा मान ठेवत, चिमूट चिमूट हळदकुंकू आणि चार चार अक्षता वाहत होते. दुसऱ्या दिवशी फडक्याने पुसून द्यायचे. वरचं पुसलं जायचं. आमच्याकडे तांदूळ बारीक कोलम असतो. जाड असता तर जाळीवरच अडला असता.

इथे मला एक लाजिरवाणी गोष्ट लिहायची आहे. मी म्हटलं, "कुठून आलं असेल कोण जाणे. असं होतं कधीकधी." खुर्चीवर बसले आणि ब्रश घेऊन पंखा साफ करायला लागले, दाणा चिमट्याने काढला, जणू काही झालंच नाही. चिमटा दोनदा निसटला. त्या दोघींना आणखी काही विचारायचं नव्हतं. मग आई पोरीला हळूच म्हणाली, "चल. मीच आत जायला नको होतं."

ते मला ऐकवेना. मी चिमटा खाली ठेवला. "ताई, तुम्ही आत गेलात ते बरोबरच केलंत. हे कुंकू माझं आहे. हा तांदूळ माझा आहे. दसऱ्याला मी टाकलाय." गिऱ्हाइकं बघत होती, बघू दे म्हटलं. फळीवर एक लॅपटॉप उलटा पडला होता, तो दाखवला, जाळी दाखवली, डबी दाखवली. बोलता बोलता मला रडू फुटलं. इतक्या वर्षांत दुकानात मी रडले ती तेव्हाच.

आई रागावेल असं वाटलं होतं. ती स्टुलावर बसली आणि एवढंच म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे नाही?"

"नाही हो. माझ्यामुळे."

प्रज्ञाने मात्र मला सोडलं नाही. "तुम्ही हे लिहून द्याल?" तिने विचारलं. "कंपनीला. तुमच्या सहीशिक्क्याने."

तोंडाने कबूल करणं वेगळं आणि छापील लेटरहेडवर लिहिणं वेगळं. ते पत्र उद्या कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. त्यावर दुकानाचं नाव आहे, माझं नाव आहे. बाई काय रिपेअर करणार, म्हणत उभ्या राहणाऱ्या सगळ्या लोकांना त्याने लेखी पुरावा मिळणार होता. पण मी लिहिलं. दुरुस्तीला आलेल्या लॅपटॉपच्या जाळीवर मी पूजेच्या वेळी अक्षता वाहिल्या. एक दाणा पंख्यात अडकला. लॅपटॉप तापून परीक्षेत थांबला. उमेदवाराची आई तो गार करायला आत आली. चूक पूर्णपणे माझी आहे. प्रज्ञाने त्याचं इंग्रजी केलं, आणि दाण्याचा फोटो जोडला. ईमेल पाठवून झाल्यावर ती निघाली, दारात थांबली.

"मॅडम, आमच्याकडे कुंकू नाही म्हणून तुम्हाला कळलं. ज्यांच्या घरी असतं, त्यांना तुम्ही काय सांगितलंत इतकी वर्षं?"

ती गेल्यावर मोबाइल काढला आणि लच्छूशेठच्या लॅपटॉपचा फोटो मोठा करून बघितला. कुंकू पट्ट्यापट्ट्यांनी पडलं होतं. जाळीच्या फटी जशा असतात, तशाच एकाखाली एक रेघा. घरी कुणीही लॅपटॉपची पूजा करायची तर झाकणावर करेल. उलटा घालून पोटावर कोण करतं? हा फोटो मी शंभर जणांना दाखवला असेल, आणि स्वतः एकदाही नीट बघितला नव्हता. मला आठवलं, त्या वर्षी शेठचा लॅपटॉप बिजागरी ढिली झाली म्हणून दसऱ्याला माझ्याकडेच होता.

आणि किती होते असे? दसरा ते दिवाळी हंगाम असतो, मी म्हणायचे. हंगाम कोण पेरत होतं?

कळलं, तरी शेठकडे गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. मागची गल्ली टाळून लांबून घरी जायला लागले.

कंपनीचं उत्तर महिन्याभराने आलं. गैरप्रकाराचा शेरा काढला होता, पण ती भरती संपली होती. पुढच्या भरतीत अर्ज करा म्हणाले. प्रज्ञाने केला आणि ती पास झाली. तिचे सात महिने माझ्या एका दाण्याने खाल्ले, ही गोष्ट पास झाली तरी बदलत नाही. यंदा ऑफिसात रुजू व्हायच्या आधी ती पेढे घेऊन दुकानात आली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिने फळीकडे बघितलं. मशीनं आता सुलटी असतात.

"बाकीच्यांना सांगितलंत?" तिने विचारलं.

मी पेढा तोंडापर्यंत नेला होता. तो परत डब्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी गेले. लच्छूशेठ गादीवर बसले होते, दुकानात गर्दी होती. मी फोटो पुढे केला. "शेठ, आपके घर में लॅपटॉप की पूजा होती है?"

"लॅपटॉप की? नहीं दीदी. हम दिवाली में मिट्टी की छोटी दुकान, हटड़ी, पूजते हैं. लॅपटॉप को कौन पूजेगा?"

"लेकिन उस दिन आपने कहा था, बहू करती होगी."

"आपने इतने भरोसे से पूछा, तो हमको लगा उसी ने किया होगा." शेठनी आवाज खाली आणला. "घर में बहुत डाँटा था उसको. फिर मशीन को हाथ नहीं लगाने दिया. ऑर्डर अब भांजा देखता है."

दुकानाच्या मागच्या बाजूला एक तरुण बाई खाली बसून कुर्ते प्लास्टिकच्या पिशव्यांत भरत होती. हात थांबवून माझ्याकडे बघत होती.

"मैंने बोला था," ती म्हणाली. "उसी दिन बोला था, मैंने नहीं किया. सब बोले, रिपेअरवाली झूठ क्यों बोलेगी."

जितक्या मोठ्याने मी तो किस्सा सांगायचे, तितक्याच मोठ्याने मी तिथे खरं सांगितलं. गिऱ्हाइकांसमोर, नोकरांसमोर, भाच्यासमोर. बहूने काही केलं नव्हतं, कुंकू मी टाकलं होतं. ह्या वेळी कुणी हसलं नाही. मग मी तिच्याजवळ गेले आणि विचारलं, "नाम क्या है बेटा?"

"कविता."

तीन वर्षं मी तिच्यावर लोकांना हसवलं, आणि तिचं नाव मला माहीत नव्हतं.

शेठचा लॅपटॉप मी तिथेच काउंटरवर उघडला, साफ केला, स्क्रू लावले. शेठनी घ्यायला हात पुढे केला. मी तो कविताच्या हातात दिला. तिने सासऱ्याकडे बघितलं. ते दुसरीकडे बघत होते, पण नको म्हणाले नाहीत. तिने लॅपटॉप उलटा केला, जाळी उजेडाकडे धरून फटींतून बराच वेळ आत बघितलं, आणि मगच सुलटा करून उघडला.